पन्नास लक्सचा दिवाणखाना

"आमच्याकडे उजेड भरपूर आहे हो!" फुलझाड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हे वाक्य हमखास बोलतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच लागते. तिथं एखाद्या रविवारी सकाळी तासभर उभं राहिलं, तर ते निरनिराळ्या सुरांत ऐकू येतं. नर्सरीवालाही मान डोलावतो, "मग काय ताई, इनडोअरच आहे, कुठंबी ठेवा," म्हणतो आणि पांढऱ्याशुभ्र फुलांची पीस लिली, नाहीतर जांभळ्या फुलांचं आफ्रिकन व्हायोलेट पिशवीत घालून देतो. दोघंही खोटं बोलत नसतात. गिऱ्हाइकाच्या घरात दिवसा दिवा न लावता खरोखरच पेपर वाचता येतो आणि झाडही घरात जगणारंच असतं. तरीही आठ-दहा महिन्यांनी त्या कुंडीत पानं हिरवीगार असतात आणि फूल एकही नसतं. मग खत बदललं जातं. कुणी चहाचा चोथा सुचवतं, कुणी केळीच्या सालींचं पाणी. खिडकीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

याचं मूळ माणसाच्या डोळ्यात आहे. लख्ख उन्हात बाहुलीचा व्यास दोन मिलिमीटरपर्यंत आक्रसतो, अंधारात तो आठपर्यंत जातो. म्हणजे नुसत्या बाहुलीच्या हालचालीनं डोळ्यात शिरणारा प्रकाश सोळा पटींनी कमी-जास्त होतो, आणि उरलेली तडजोड डोळ्यातला पडदा करतो. त्यामुळे अंगणातून माजघरात आलेल्या माणसाला चार-दोन मिनिटांत सगळं दिसू लागतं आणि उजेड थोडासाच कमी झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तो कित्येक शे पटींनी घटलेला असतो. पानाला बाहुली नाही. त्याच्यावर जेवढं पडलं तेवढंच त्याचं.

प्रकाश मोजण्याचं साधं यंत्र म्हणजे लक्समीटर. हजार-दोन हजार रुपयांत मिळतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या निरभ्र सकाळी दहाच्या सुमाराला ते हातात घेऊन पूर्वेकडच्या खिडकीपासून आत चालत यावं. ग्रिलच्या बाहेर थेट उन्हात आकडा साठ-सत्तर हजार लक्सच्या घरात जातो. काच आणि डासांची जाळी ओलांडून आत आलेल्या कवडशात तो चाळीस हजारांवर येतो. कवडशाच्या शेजारीच, पण सावलीत, तीन-चार हजार. खिडकीपासून हातभर आत आलं की हजार-दीड हजार. सोफ्याजवळ दोनशे. टीव्हीशेजारच्या ज्या कोपऱ्यात शोभेची कुंडी ठेवायची म्हणून जागा राखलेली असते, तिथं साठ-सत्तर. घराघरांत हे आकडे बदलतील, उतार मात्र असाच तीव्र असतो. डोळ्याला हा सगळा प्रवास 'छान उजेड'पासून 'बरा उजेड'पर्यंतचा वाटतो.

घरात नैसर्गिक उजेड किती असावा याचे भारतीय मानकांत आकडे दिलेले आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. बाहेरच्या आकाशाचा उजेड आठ हजार लक्स धरून, त्याच्या किती टक्के आत यायला हवा ते तिथं सांगितलं आहे. स्वयंपाकघराला अडीच टक्के, अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के आणि दिवाणखान्याला ०.६२५ टक्के. हिशोब केला तर दिवाणखान्याच्या वाट्याला येतात पन्नास लक्स. गप्पा मारायला, पाहुण्यांना चहा द्यायला पन्नास लक्स पुष्कळ झाले. आता दुसरीकडचे आकडे बघावेत. आफ्रिकन व्हायोलेटला नेटानं फुलायला दहा हजार लक्सच्या आसपास उजेड लागतो. फॅलेनोप्सिस जातीच्या ऑर्किडला दहा ते पंधरा हजार. डेंड्रोबियम आणि कॅटलिया वीस ते तीस हजारांची मागणी करतात, आणि वांडा तर त्याच्याही पुढे. दिवाणखाना आणि फूल यांच्यातलं अंतर दुपटी-तिपटीचं नाही, दोनशे पटींचं आहे.

मग कमी उजेडात झाड मरत का नाही? कारण त्याचा संसार महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरासारखा आहे. प्रकाशात ते साखर कमावतं आणि दिवसरात्र श्वसनात ती खर्च करतं. सावलीला सरावलेल्या झाडांची मिळकत आणि खर्च साधारण तीनशे ते हजार लक्सच्या दरम्यान कुठंतरी बरोबरीला येतात. त्याच्या जरा वर राहिलं तर भाडं-किराणा भागतो, एखादं नवं पानही येतं. फूल हा लग्नकार्याचा खर्च. तो शिल्लक असल्याशिवाय झाड काढत नाही.

पीस लिलीची गोष्ट तर याहून मजेची आहे. नर्सरीत एका ओळीत मांडलेल्या पन्नास कुंड्या एकाच वेळी कशा फुललेल्या असतात, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. व्यापारी उत्पादक या झाडावर जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाची फवारणी करतात आणि त्यानंतर काही आठवड्यांनी सगळ्या कुंड्या एकदम फुलतात. घरी आल्यावर ती पहिली फुलं दीड-दोन महिने टिकतात, हिरवी होत जातात आणि संपतात. त्यानंतर झाडाला जे काही करायचं ते स्वतःच्या कमाईवर. म्हणून 'कमी उजेडात फुलणारं झाड' ही पीस लिलीची ख्याती जरा चढवून सांगितलेली आहे. कमी उजेडात ती तग उत्तम धरते. फुलायला मात्र तिलाही खिडकी लागते.

ही झाडं मुळात सावलीतलीच ना, असा युक्तिवाद नेहमी होतो. आफ्रिकन व्हायोलेटच्या बाबतीत तो खराही आहे. १८९२ साली, आजच्या टांझानियात आणि तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत, वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याला उसांबाराच्या डोंगरांत हे रोप दिसलं. त्यानं ते जर्मनीला वडिलांकडे पाठवलं आणि पुढच्याच वर्षी हेर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या घराण्याच्या नावावरून त्याला 'सेंटपॉलिया' हे नाव दिलं. (२०१५ साली शास्त्रज्ञांनी ते 'स्ट्रेप्टोकार्पस'मध्ये घातलं, कुंडीला त्याचा पत्ता नाही.) तिथं ते जंगलात, शेवाळलेल्या खडकांच्या कपारीत वाढतं. पण विषुववृत्तापासून पाचच अंशांवरच्या जंगलातली सावली आणि कोथरूडच्या फ्लॅटमधली सावली यांत फार फरक आहे. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स असतील तर विरळ झाडाखाली त्यातले आठ-दहा हजार सहज उतरतात. शिवाय पानं हलली की उन्हाचे कवडसे अंगावरून जातात ते वेगळेच. सह्याद्रीत आंब्याच्या किंवा जांभळाच्या खोडावर सीतेची वेणी फुललेली दिसते, तीही अशाच सावलीत. डोक्यावर पानांचं छत असतं, पण चारी बाजूंनी आकाश उघडं असतं. घरात छत सिमेंटचं असतं आणि आकाश एका बाजूला, तेही खिडकीच्या चौकटीएवढं.

आता खिडकीकडे वळू. मराठी बागप्रेमी जी पुस्तकं वाचतात, जे व्हिडिओ बघतात, त्यांतले पुष्कळसे ब्रिटन-अमेरिकेतल्या अनुभवावर बेतलेले असतात. त्यांत ठामपणे सांगितलेलं असतं, की दक्षिणेची खिडकी सगळ्यांत उजेडाची, उत्तरेची सगळ्यांत अंधारी. लंडनसाठी ते अगदी बरोबर आहे. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथं सूर्य बारा महिने दुपारी दक्षिणेलाच असतो. डिसेंबरात तर तो क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचतो. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, मुंबई एकोणीसवर. इथं सूर्याचा कारभार वेगळा.

मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. शाळांच्या पटांगणांत काठी उभी करून तो दाखवतात. त्या दिवसानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्याही उत्तरेला असतो. उगवतो उत्तरेकडे कललेल्या पूर्वेला आणि मावळतो उत्तरेकडे कललेल्या पश्चिमेला. म्हणजे हे अडीच महिने पुण्यातल्या दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही, एक कवडसासुद्धा नाही. आणि ज्या उत्तरेच्या खिडकीला पुस्तकात अंधारी म्हटलं आहे, तिथं मेच्या उत्तरार्धात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले की हा प्रश्न मिटतो, पण तेवढ्या तीन-चार आठवड्यांत उत्तरेच्या कट्ट्यावरच्या नाजूक पानांवर तपकिरी चट्टे उठू शकतात. मालकीणबाई मग "पाणी कमी पडलं" असं निदान करून पाणी वाढवतात, आणि चट्ट्यांच्या जोडीला मुळंही कुजतात.

डिसेंबरात सगळं उलटं होतं. एकवीस-बावीस तारखेला पुण्यात सूर्य दुपारी अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर दक्षिणेकडून येणारा कवडसा खोलीत सहा फुटांच्या वर आत जातो. मार्चमध्ये, विषुवदिनाच्या सुमाराला, तोच कवडसा सव्वादोन फुटांवर थांबतो. वर छज्जा असेल तर त्याहूनही अलीकडे. म्हणून इथल्या घरात कुंडीची जागा वर्षाला एकदा ठरवून भागत नाही. दिवाळी झाली की दक्षिणेच्या खिडकीतली कुंडी पातळ पडद्याआड घ्यावी, आणि गुढीपाडव्यानंतर ती काचेजवळ सरकवायला हरकत नाही. पंचांगात याचा मुहूर्त दिलेला नसतो, पण सूर्याची चाल त्यातही आहेच.

पूर्वेची खिडकी मात्र बहुतेक फुलझाडांना बारमाही मानवते. सकाळचं ऊन दोन-तीन तास मिळतं आणि हवा तापायच्या आत ते निघून जातं. पश्चिमेच्या खिडकीत तेवढेच लक्स येतात, पण ते येतात तेव्हा भिंत, काच आणि ग्रिल तापलेलं असतं. एप्रिलमध्ये नागपूर-अकोल्याकडे तर पश्चिमेची खिडकी फुलझाडासाठी विसरावी हेच बरं. पान जळतं ते पुष्कळदा नुसत्या प्रकाशानं नाही. प्रकाशानं पान तापतं, आणि भोवतीची हवा आधीच गरम असली की त्याला थंड व्हायला वाव राहत नाही.

दिशेइतकंच महत्त्व खिडकीतून किती आकाश दिसतं याला आहे, आणि शहरात ते फार कमी दिसतं. कुंडी जिथं ठेवायची तिथं डोकं नेऊन वर बघावं. तिथून आकाश दिसत नसेल, समोरच्या इमारतीच्या बाल्कन्याच दिसत असतील, तर पावसाळ्यात त्या जागी काही खरं नाही. उलट समोरची भिंत पांढऱ्या रंगाची असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल, तर ती उत्तरेच्या खिडकीला फुकटचा उजेड परतवून देते. बिल्डरनं हौसेनं बसवलेली गडद काच आणि महिनोन्‌महिने न धुतलेली डासांची जाळी या दोघी मिळून जेवढा प्रकाश खातात, तेवढा परत मिळवायला कुठलंही खत पुरत नाही. जाळी धुणं हा फुलझाडांच्या मशागतीचाच भाग आहे, आणि सगळ्यांत स्वस्त.

लक्समीटर नसलं तरी झाड स्वतः बोलतं. आफ्रिकन व्हायोलेट जवळून बघावं. प्रकाश पुरेसा असला की पानं जमिनीला समांतर, एकावर एक बेतानं पसरलेली असतात, देठ आखूड असतात आणि मधोमध कोवळ्या पानांच्या बगलेतून केसाळ कळ्यांचे गुच्छ डोकं वर काढतात. प्रकाश कमी पडला की आधी देठ लांबतात. पानं उभी होतात, प्रार्थनेला हात उचलल्यासारखी खिडकीकडे वळतात, त्यांचा हिरवा रंग गडद होत जातो. अनेकांना ही गडद, लांब पानं तब्येतीची खूण वाटते, आणि तिथंच फसगत होते. प्रकाश जास्त झाला की उलट चित्र. पानं फिकट पिवळसर पडतात, कडा खाली वळतात, मधली कोवळी पानं एकमेकांत घट्ट गुरफटतात. फॅलेनोप्सिसचंही तसंच आहे. तिची पानं काळपट हिरवी असतील तर ती उपाशी आहे; गवताच्या मध्यम हिरव्या रंगाची असावीत. कडेला तांबूस छटा आली की सोसण्याची हद्द जवळ आली.

आणखी एक चाचणी फुकटातली. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीत बोटं स्पष्ट मोजता आली, तर उजेड भक्कम आहे. डेंड्रोबियमही विचार करेल. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर व्हायोलेट आणि फॅलेनोप्सिसची सोय झाली. कागदावर नुसता करडा डाग दिसला किंवा तोही दिसला नाही, तर तिथं गणपतीची मूर्ती ठेवावी.

फॅलेनोप्सिसबद्दल मात्र एक इशारा द्यायला हवा, कारण तिच्या बाबतीत उजेडाला नाहक बोल लावला जातो. मुंबईत खिडकीत उत्तम प्रकाश असूनही तिला दुसऱ्यांदा फुलांचा दांडा येत नाही, अशी तक्रार कायम ऐकू येते. या ऑर्किडला दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो. हवा सतत अठ्ठावीस अंशांच्या वर राहिली तर ती पानंच काढत बसते. पुण्या-नाशिकच्या थंडीत हे आपोआप जुळतं. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुंडी बाल्कनीत ठेवून बघता येतं, त्याचीही खात्री नाही. तिथं प्रकाश वाढवून उपयोग शून्य.

ज्यांच्याकडे खिडकीच धड नाही, त्यांनी काय करावं? दिवा लावावा. चार फुटी एलईडी बॅटन कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. वीस वॅटचा बॅटन साधारण दोन हजार ल्युमेन प्रकाश देतो. तो भिंतीवर किंवा छताला लावला आणि झाड सहा-सात फूट खाली असलं, तर झाडाला मिळतात दीडशेच्या आसपास लक्स. तोच बॅटन पानांच्या वर एका फुटावर टांगला, तर अडीच हजार. वीतभरावर आणला, तर चार हजार. वीज तेवढीच, दिवा तोच, अंतर तेवढं बदललं. दोन बॅटन शेजारी शेजारी वीतभर उंचीवर लावले की आठ हजारांच्या आसपास मजल जाते आणि रोज बारा तास ते चालू ठेवले की आफ्रिकन व्हायोलेट बिनखिडकीच्या खोलीतसुद्धा फुलतं. दोन्ही मिळून चाळीस वॅट, बारा तास. महिन्याला चौदा-पंधरा युनिट. अंतराळ स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यानं झिनियाचं केशरी फूल फुलवून दाखवलं, तेही एलईडीच्याच उजेडात. तिथं खत, पाणी, हवा सगळ्यांचे हाल होते, रोपांना बुरशीही धरली होती, पण दिवे पानांपासून हाताच्या अंतरावर होते.

दिव्यांच्या बाजारात सध्या जांभळ्या रंगाचे 'ग्रो लाइट' फार दिसतात. तांबडा आणि निळा प्रकाश झाडाला जास्त भावतो हे खरं, पण हिरवाही वाया जात नाही. १९७२ साली मॅक्री या शास्त्रज्ञानं निरनिराळ्या पिकांची पानं घेऊन हे मोजून ठेवलेलं आहे. साधा पांढरा एलईडी कामाचा असतो, आणि त्या उजेडात पानांवरची कीड, डाग, रंग दिसतात. जांभळ्या उजेडात फुलं काळी दिसतात आणि घर एखाद्या बारसारखं. शिवाय लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या मापानं बनवलेलं असल्यामुळे त्या दिव्याखाली ते भलतेच कमी आकडे दाखवतं.

प्रकाशाचं गणित नुसत्या क्षणाच्या लक्सवर संपत नाही. दिवसभरात एकूण किती मिळाला हे झाड जमेला धरतं. खिडकीत दहा हजार लक्स दोन तास मिळाले आणि उरलेला दिवस दोन हजार, तर ते झाड जेमतेम वरखर्चापुरतं कमावतं. कमी तीव्रतेचा प्रकाश जास्त तास देऊन काही अंशी भरपाई होते. म्हणून खिडकीतल्या कुंडीवर सकाळी-संध्याकाळी दोन-तीन तास बॅटन लावणं ही चांगली युक्ती आहे, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा आठवडाआठवडा सूर्य दिसत नाही.

पण हे सगळ्या फुलझाडांना लागू करायला गेलं की गंमत होते. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर काम करताना दाखवून दिलं, की काही झाडं फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. शेवंती, कलांचो आणि नाताळच्या सुमाराला लाल होणारं पॉइनसेटिया ही त्या गोतातली. रात्र लांब झाली की ती कळ्या धरतात. आणि रात्र मोडायला फार थोडा उजेड पुरतो. पॉलिहाउसमधले शेवंती उत्पादक रोपं हव्या त्या उंचीची होईपर्यंत फुलू नयेत म्हणून मध्यरात्री काही तास दिवे लावतात. त्याला शंभर लक्स पुष्कळ होतात. पॉइनसेटिया तर त्याहूनही कमी उजेडात बिथरतं.

म्हणजे हॉलमधल्या कलांचोची अवस्था बघावी. दिवसा सोफ्याजवळच्या दोनशे लक्समध्ये त्याचं पोट भरत नाही. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते, तिचे शंभर-दीडशे लक्स त्याला अजून दिवसच आहे असं सांगत राहतात. एकच उजेड जेवणाला अपुरा आणि झोप मोडायला पुरेसा. पुण्यातली रात्र डिसेंबरात तेरा तासांची असते. नैसर्गिक अंधार मिळाला तर कलांचो कुठलीही खटपट न करता फुलतं. त्याला ऑक्टोबरपासून दिवसा बाल्कनीचं ऊन आणि रात्री, घरातला दिवा पोचणार नाही अशी, कोरडी बाल्कनी किंवा बंद खोली द्यावी. रस्त्यावरचा सोडियमचा दिवा थेट अंगावर येत असेल तर ती बाल्कनीही बाद.

ब्रह्मकमळ म्हणून महाराष्ट्रात घरोघर जे लावलं जातं, त्या मेक्सिकोकडून आलेल्या निवडुंगाचा कारभार यापेक्षा सुटसुटीत. त्याला वर्षभर झाडाखालच्यासारखा भरपूर पण गाळलेला उजेड द्यावा, म्हणजे पावसाळ्यात एखाद्या रात्री ते शेजारपाजाऱ्यांना बोलावण्याजोगं फुलतं. ते घरात आतल्या कोपऱ्यात ठेवलेलं असेल तर नुसती लांबलचक, चपटी खोडं वाढत राहतात. त्या घरच्या आजी मग म्हणतात, "आमच्याकडे नाही हो फुलत, नशीब लागतं." नशिबाला यात फारसं काम नाही. कुंडी बाल्कनीच्या कठड्याजवळ, हिरव्या जाळीखाली हलवली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघणं तेवढं उरतं.

हलवताना घाई मात्र करू नये. महिनोन्‌महिने आतल्या उजेडाला सरावलेलं पान एकदम उन्हात नेलं की एका दुपारीत पांढरं पडतं आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. आठ-पंधरा दिवसांत थोडं थोडं सरकवत न्यावं. व्हायोलेटची कुंडी आठवड्याला पाव वळसा फिरवावी, म्हणजे ते एका अंगाला कलत नाही. ऑर्किडचा दांडा निघाल्यावर मात्र कुंडी अजिबात फिरवू नये. कळ्यांनी उजेडाची दिशा पकडलेली असते आणि दर वेळी दिशा बदलली की दांडा वाकडातिकडा होतो.

नर्सरीत जाण्याआधी एवढं करावं: ज्या जागी कुंडी ठेवायची आहे तिथला उजेड मोजून, निदान हाताची सावली बघून ठेवावा, आणि मग त्या उजेडाला जमेल ते झाड निवडावं. दोन हजार लक्सच्या खाली, खिडकी नाही आणि दिवा लावायची तयारीही नाही, अशा घरात फुलझाड विकत आणू नये. तिथं मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट चांगला वाढतो, आणि फुलं हवी असतील तर मंडईत निशिगंध मिळतोच.